ऱ्हस्व जिना, दीर्घ थकबाकी

घरपट्टी कशी भरावी हे कुणाला शिकायचं असेल, तर त्याने माझ्याकडे यावं. बिल हातात पडलं की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या ठोक्याला मी कर कार्यालयाच्या खिडकीसमोर उभा! आतला कारकून अजून डबा ठेवून खुर्ची झटकत असतो, तोवर मी सुट्टे पैसे काढून तयार. बावीस वर्षांत एकदाही दंड नाही, एकदाही स्मरणपत्र नाही. छापखान्यात मी मुद्रितशोधक आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा! असा माणूस स्वतः चूक करील का? तुम्हीच सांगा.

किंवा राहू द्या, इतक्यात सांगू नका.

त्या सोमवारी मी नेहमीप्रमाणे साडेनऊला दार उघडलं, जिना उतरायला पाय टाकला आणि तो एका बुटावर पडला. काळा, चकचकीत, नवा कोरा. त्याखालच्या पायरीवर तपकिरी जोड. त्याखाली बायकांच्या सँडल. त्याखाली लहान मुलांचे, चालताना चूं चूं वाजणारे. वरपासून खालपर्यंत प्रत्येक पायरीवर एकेक जोड मांडलेला! मला आधी वाटलं, घरात पाहुणे आलेत आणि नेहमीप्रमाणे मलाच कुणी सांगितलेलं नाही.

"साहेब, जरा भिंतीकडून!" खालून आवाज आला. "माल नवा आहे."

कोपऱ्यावरच्या फुटपाथवर बसणारा चपलवाला आमच्या जिन्याच्या तळाशी स्टूल टाकून बसला होता.

"हे काय चालवलंय? हा आमचा जिना आहे!"

"होता," तो अगदी नम्रपणे म्हणाला आणि खिशातून घडी केलेला कागद काढला. "थकबाकीपोटी लिलाव झाला. मी घेतला. हा बघा शिक्का. फुटपाथवर रोज गाडी येऊन माल उचलून न्यायची. इथे बघा कसं, पायऱ्या म्हणजे फळ्याच, आणि वर छप्पर!"

मी कागद वाचला. पहिल्याच ओळीत माझी नजर अडकली.

"यात जिना दीर्घ लिहिलाय," मी म्हणालो. "जि ऱ्हस्व पाहिजे."

"असू द्या की साहेब," तो म्हणाला. "घेताना तेवढाच होता."

आता आमच्या घराची रचना सांगितली पाहिजे. खाली दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, आणि वहिनी. वर मी आणि माझी बायको. मध्ये हा जिना. वडिलांच्या मागे वाटणी झाली तेव्हा खालचा मजला त्याचा, वरचा माझा आणि जिना दोघांचा, असं ठरलं. पुढे वर्षभराने जिन्यातला बल्ब गेला. मी म्हणालो, बल्ब खालच्यांनी लावावा, कारण अंधारात चाचपडत आधी त्यांच्याच दारावर लोक आदळतात. दादा गणिताचा मास्तर. त्याने आकृती काढून सिद्ध केलं की उजेडातला त्रेसष्ट टक्के भाग वर जातो, म्हणून बल्ब वरच्यांचा. मी त्या सिद्धतेत शुद्धलेखनाच्या दोन चुका काढून ती परत पाठवली. त्या दिवसापासून अबोला. अकरा वर्षं! मी त्याला 'खालचे' म्हणतो, तो मला 'वरचा' म्हणतो, आणि जिना तेव्हापासून काळोखात.

दोघी जावांचं मात्र गूळपीठ. दिवसभर त्या काळोखातही जिन्याच्या मधल्या वळणावर बसून भाजी निवडणार, एकमेकींच्या पातेल्यातली चव बघणार. आमचे निरोपही त्यांच्यामार्फतच. "वहिनींना सांग, त्यांच्या यजमानांना सांगा, नळाचं पाणी वाया जातंय." अशी आमची भावाभावांची मुलाखत!

चपलवाल्याने मात्र त्या सकाळी येताच शंभराचा बल्ब लावला होता. जिन्याची भिंत हिरवी आहे हे मला त्या दिवशी कळलं.

मी धडधडत वर गेलो. "अगं ऐकलंस का? आपला जिना विकला गेला!"

"अगबाई!" बायको म्हणाली आणि गवारीच्या शेंगा मोडत राहिली. "मग आता?"

"मग आता काय? त्या कर कार्यालयाची मी सालटी काढतो की नाही बघ!"

"काढा. पण भिंतीकडून जा. तपकिरी बुटावर पाय देऊ नका."

बावीस वर्षांच्या पावत्यांची फाईल काखेत मारून मी खिडकीवर थडकलो. कारकुनाने पावत्या चाळल्या, मान डोलावली.

"घर तुमचं चोख आहे. जिना वेगळा आहे."

"जिना घरापासून वेगळा कसा असेल?"

"तुम्हीच केलात." त्याने कपाटातून एक अर्ज काढला. चार पानी, सुवाच्य अक्षर, एकही खाडाखोड नाही. माझाच! खालच्यांनी जिन्याचा त्यांचा वाटा माझ्या बिलात ढकलू नये म्हणून वाटणीच्या वेळी मीच लिहून दिलं होतं, की जिना ही स्वतंत्र मालमत्ता समजून तिला वेगळा क्रमांक द्यावा आणि ती सामाईक म्हणून नोंदवावी.

"छान लिहिलाय," कारकून म्हणाला. "नव्या लोकांना नमुना म्हणून दाखवतो आम्ही."

"हो, पण सामाईक म्हणजे..."

"म्हणजे दोघांनी मिळून भरायचं. तुमच्या घरात काय अर्थ होतो?"

आमच्या घरात सामाईक म्हणजे दुसऱ्याने भरायचं. पण हे चारचौघांत कसं सांगणार? मी हुकमाचं पान टाकलं. "मला एकही नोटीस मिळालेली नाही! नोटिशीशिवाय लिलाव बेकायदा आहे!"

कारकुनाने एक जाडजूड फाईल समोर ठेवली. अकरा नोटिसा. आणि प्रत्येकीवर लाल शाई! 'जीना' खोडून 'जिना'. 'सामाइक' खोडून 'सामाईक'. 'थकबाकि' खोडून 'थकबाकी'. समासात बारीक अक्षरात शेरा: 'सरकारी कागदावर ही अवस्था!'

झालं होतं असं, की दरवर्षी नोटीस जिन्याच्या भिंतीला चिकटवलेली असायची. ती खालच्यांचीच असणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. पण हातात कागद आला की तो तपासल्याशिवाय मला सोडवत नाही! तपासून, दुरुस्त करून मी ती दादाच्या दाराखालून आत सरकवत असे. दादाला ती माझीच असणार याबद्दल शंका नव्हती. पण त्यालाही राहवत नसे. तो निळ्या पेन्सिलीने दंडाची आकडेमोड तपासायचा, चुकलेल्या बेरजेवर फुली मारायचा, खाली 'दहापैकी चार' असे गुण द्यायचा आणि ती कार्यालयाला टपालाने परत पाठवायचा.

"शुद्धलेखन तुमचं, गणित त्यांचं," कारकून म्हणाला. "नोटीस मिळाल्याचा एवढा भक्कम पुरावा आम्हाला कुणीच देत नाही हो!"

मी खुर्चीत बसलो. खरं सांगतो, त्या क्षणी मला माझ्या लाल पेनाची लाज वाटली.

"जिना परत मिळतो की नाही?"

"मिळतो की. लिलावानंतर नव्वद दिवसांच्या आत थकबाकी, दंड आणि घेणाऱ्याचे पैसे व्याजासकट भरायचे. शुक्रवारी पाचला मुदत संपते."

रक्कम ऐकून मला हसूच आलं. दोन बऱ्यापैकी बुटांची किंमत! मी खिशात हात घातला.

"पैशाची घाई नाही," कारकून म्हणाला. "आधी अर्ज. दोन्ही मालकांनी एकत्र यायचं, आमच्या कर अधिकारी बाईसाहेबांसमोर सही करायची आणि लिहून द्यायचं, की आमच्यात कोणताही वाद नाही."

माझा हात खिशातच राहिला.

घरी आलो तर चपलवाला दाराच्या चौकटीचं माप घेत होता. "शनिवारी शटर बसवतोय, साहेब. नऊला बंद, सकाळी दहाला उघडणार. काय करणार, माल असतो ना! तुम्हाला काही लागलं तर नऊच्या आत आणून ठेवत जा."

म्हणजे रात्री नऊ ते सकाळी दहा आम्ही वर कोंडलेले! कुणाला दुखलंखुपलं तर खिडकीतून दोर सोडायचा का? बरं, दादाचं दारही जिन्याच्या बोळातच उघडतं. म्हणजे तोही आत. चौघंही त्या चपलवाल्याच्या गोदामातला माल!

मंगळवारी तर कहर झाला. गिऱ्हाइकं बूट घालून "चालून बघतो" म्हणत थेट आमच्या दारापर्यंत येऊ लागली. एक गृहस्थ तर आत शिरून आमच्या आरशासमोर उभे राहिले आणि बायकोला विचारू लागले, "कसे दिसतात?" ती म्हणाली, "टाच जरा उंच वाटते." त्यांना ते पटलं! मी ऑफिसला निघालो, तर दाराबाहेर काढून ठेवलेले माझे बूट गायब.

"वरच्या पायरीवरचा जोड?" चपलवाला डोकं खाजवत म्हणाला. "मला वाटलं जुना माल राहिलाय. स्वस्तात काढला साहेब. गिऱ्हाईक खूश झालं."

मी घरातल्या स्लिपर घालून छापखान्यात गेलो. मालकांनी विचारलं, पाय दुखतोय का? मी हो म्हणालो. आता काय सांगणार, माझे बूट माझ्याच जिन्यात विकले गेले म्हणून!

रात्री निरोपांची ये-जा झाली. 'वहिनींना सांग, त्यांना सांगा, उद्या अकराला कार्यालयात यायचंय.' उत्तर आलं, 'वरच्याला सांगा, आम्ही पावणेअकरालाच असू.' बुधवारी आम्ही दोन रिक्षांनी गेलो. बाकाच्या दोन टोकांना बसलो. बाईसाहेबांनी आत बोलावलं आणि छापील मजकूर मोठ्याने वाचला.

"आम्ही दोघे सदर मालमत्तेचे सामाईक मालक असून आमच्यात कोणताही वाद नाही. बरोबर?"

"हे विधान असत्य आहे," दादा बाईसाहेबांना म्हणाला.

"त्यांना सांगा," मीही बाईसाहेबांनाच म्हणालो, "वाद त्यांनी सुरू केला!"

"याला सांगा, आकृती काढून दिली होती. याला ती कळली नाही!"

"त्यांना सांगा, आकृतीत 'बिंदू' लिहिताना..."

"मी तुमची वहिनी नाही!" बाईसाहेबांनी टेबलावर हात आपटला. "मालमत्तेचं वर्णन सांगा. पायऱ्या किती?"

"अठरा," दादा म्हणाला.

"एकोणीस," मी म्हणालो.

"सर्वांत खालची ती पायरी नाही, नुसता दगड आहे!"

"पाय ठेवतो ती पायरी!"

बाईसाहेबांनी पेनाला टोपण लावलं. "घरी जा. दोघांनी मिळून मोजा. एकच आकडा घेऊन या. आणि वाद नाही हे नुसतं लिहून चालणार नाही, मला दिसलं पाहिजे."

गुरुवारी दुपारी आम्ही दोघे जिन्याच्या तळाशी उभे राहिलो. दादा म्हणाला, चपलांचे जोड मोजू, म्हणजे भांडण नको. तेवढ्यात चपलवाल्याने मधलाच एक जोड विकला. मग पायऱ्याच मोजायला निघालो. दादा पुढे, मी मागे. एक. दोन. तीन. पाचव्या पायरीवर एक बाई सँडल घालून बघत होत्या, त्यांनी दादाला विचारलं, "सात नंबर आहे का?" दादा म्हणाला, "सात," आणि पुढची आठ! पुन्हा खाली येऊन पहिल्यापासून.

या खेपेला नवव्या पायरीवर दादा थांबला. कठडा धरून उभा राहिला, मग हळूच बुटांचा एक जोड बाजूला सारून खाली बसला. त्याला धाप लागली होती. त्या शंभराच्या बल्बच्या उजेडात मी त्याच्याकडे नीट बघितलं. केस पार पांढरे. मानेवरची कातडी सैल. अकरा वर्षं मी या माणसाच्या डोक्यावर राहतोय आणि त्याला नऊ पायऱ्या चढवत नाहीत, हे मला माहीत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. इतकं, की काय करावं ते सुचेना, म्हणून मीही त्याच्याशेजारी बसलो.

"गुडघे," तो समोरच्या भिंतीला म्हणाला.

"डॉक्टरला दाखवलं का?" मीही भिंतीलाच विचारलं.

"दाखवलं. चढउतार करू नका म्हणाला. तसा मला इथे चढउताराचा प्रसंगच नव्हता."

कुणीतरी चूं चूं वाजणारे बूट घालून आमच्यामधून वर गेलं आणि खाली आलं. मग दादा उठला. मी त्याच्या कोपराला हात दिला, त्याने तो झिडकारला नाही. दहा. अकरा. बारा. वर आमच्या दारात पोचलो तेव्हा तो आत डोकावला आणि म्हणाला, "बाबांचं घड्याळ इथे लावलंस होय." अकरा वर्षांत त्याने ते पाहिलंच नव्हतं.

"किती झाल्या?" मी विचारलं.

"अठरा."

मी मोजलेल्या एकोणीस होत्या. अगदी स्वच्छ एकोणीस!

"अठरा," मी म्हणालो.

शुक्रवारी दुपारी पुन्हा कार्यालय. या खेपेला रिक्षा एकच, पण आत मधोमध पिशवी ठेवली होती. एकदम फार जवळीकही बरी नाही! बाईसाहेबांनी विचारलं, पायऱ्या किती? आम्ही एका सुरात म्हणालो, अठरा. त्यांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं आणि अर्ज पुढे केला. दादाने सही केली. मी पेन घेतलं, सहीच्या जागेवर टेकवलं आणि माझी नजर वर गेली.

'जीना.'

दीर्घ! आणि शेजारी 'थकबाकि'. ऱ्हस्व!

माझा हात आपोआप वर सरकला. हा तीस वर्षांचा हात आहे, तो माझं ऐकत नाही. पेनाचं टोक त्या दीर्घ वेलांटीपासून गव्हाएवढ्या अंतरावर असेल, तोच दादाने माझं मनगट धरलं. घट्ट! लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा तसं.

"एक वेलांटी सुधारशील तर याद राख!" तो थेट माझ्याकडे बघून म्हणाला.

"खाडाखोड झाली तर अर्ज बाद," बाईसाहेब म्हणाल्या. "नवीन फॉर्म आता सोमवारीच मिळेल."

समोर घड्याळात साडेचार वाजलेले. शेजारी दादा. खाली चुकीची वेलांटी. मी डोळे मिटले आणि सही केली. डोळे उघडले तेव्हा दादाने अजून मनगट सोडलं नव्हतं. "शाबास," तो म्हणाला. गणितात मला पस्तीस पडले होते तेव्हाही तो एवढ्याच आवाजात 'शाबास' म्हणाला होता.

"झालं, दादा," मी म्हणालो. तोंडातून शब्द निघून गेल्यावर मला कळलं, काय बोललो ते.

आम्ही दोघांनी निम्मे-निम्मे पैसे भरले. खिडकीतल्या कारकुनाने पावतीवर शिक्का मारला. बाहेर चपलवाला आपले पैसे व्याजासकट घ्यायला येऊन उभाच होता. त्याची मुळीच तक्रार नव्हती. आठवड्यात जेवढा माल खपला तेवढा फुटपाथवर महिन्यात खपत नाही म्हणाला, आणि एक खोकं माझ्या हातात ठेवलं. आत बूट होते. "मागचे चुकून विकले गेले ना साहेब, त्याबद्दल." मला गहिवरून आलं. जगात अजून चांगली माणसं आहेत, असं मी दादाला म्हणणार, इतक्यात कारकून पावती फाडत म्हणाला:

"मिटलं ना एकदाचं? घरच्या बायकांना बरं वाटेल. लिलावाच्या दिवशी दोघी पहिल्या रांगेत बसून होत्या. हा बिचारा बोली लावायला घाबरत होता, तर दोघींनी त्याचा हात धरून वर केला!"

चपलवाला खाली वाकून चपलेचा अंगठा बघू लागला.

"आणि शटर?" मी विचारलं.

"ते वहिनींनी सांगितलं होतं, माप घ्यायला," तो पुटपुटला. "नुसतं माप घ्या म्हणाल्या."

रिक्षात आम्ही शेजारी शेजारी बसलो. पिशवी पायाशी गेली होती. दादा रागाने लाल झाला होता आणि मीही. नव्वद दिवस या दोघी आम्हाला खेळवत होत्या! गवारीच्या शेंगा मोडत होत्या!

"यांच्याशी बोलायचंच नाही," दादा म्हणाला.

"एक शब्द नाही!"

"किती वर्षं?"

"अकरा तरी."

"बारा कर," दादा म्हणाला. त्याला आकडे माझ्यापेक्षा जास्त कळतात, असं मला प्रथमच वाटलं.

दोघी जिन्याच्या वळणावर बसल्या होत्या, पायांत एकसारख्या नव्या सँडल. आम्ही त्यांच्याकडे न बघता खालच्या पायरीवर, म्हणजे त्या दगडावर, जाऊन बसलो. सहा वाजले. साडेसहा वाजले. तेव्हा एक मोठी अडचण लक्षात आली. आमचा अबोला सुरू झालाय हा निरोप त्यांना पोचवायचा कुणी? आजवर आमचे सगळे निरोप तर त्याच नेत होत्या! त्यांना बापड्यांना वाटत होतं, आपले नवरे गप्पा मारत बसलेत.

साडेसातला वरून फोडणीचा वास आला. दादाच्या पोटात गुरगुरलं, ते मला ऐकू आलं.

"तू धाकटा," तो हळूच म्हणाला. "तू विचार."

यावर वाद घालता आला असता. पण आमच्यात वाद नाही असं दुपारीच लिहून दिलं होतं. मी उठलो, घसा साफ केला आणि वर तोंड करून म्हणालो, "जेवायला काय आहे?"

"कोण बोललं?" बायकोचा आवाज आला. "नीट ऐकू आलं नाही हो!"

मी पुन्हा विचारलं. जरा मोठ्याने.